काचेवरची फुली

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वेधशाळेतल्या मोजणीबाईंच्या टेबलावर एक चिठ्ठी येऊन पडली आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी चहा निवू दिला. चिठ्ठी प्रमुखांची होती. प्रमुखांचं अक्षर कोणालाच लागत नसे, पण आकडे ते नीट काढत. ते त्यांना बाईंनीच शिकवले होते. मजकूर एवढाच होता की शनीच्या त्या नव्या बारक्या चंद्राची कक्षा गणिताने मागे मागे नेऊन पाहिली, तर एकतीस वर्षांपूर्वीच्या आपल्या काच क्रमांक अकराशे सत्तेचाळीसवर तो असायला हवा, खालच्या डाव्या कोपऱ्यात. तेवढं पाहाल का? घाई नाही. प्रमुख ‘घाई नाही’ लिहितात तेव्हा दुपारपर्यंत तीनदा दारातून डोकावतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या लगेच उठल्या. उठताना डावा खांदा नेहमीसारखा खाली राहिला. भिंगावर वाकून वाकून त्यांचा एक खांदा कायमचा उतरला होता, आणि चालताना त्या किंचित कलंडलेल्या दिसत. घरी भाऊजी म्हणत, आमच्या मेव्हणीबाई भिंतीवरच्या फोटोसारख्या आहेत, सरळ केल्या तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा तिरप्या.

बाईंच्या डोक्यात एक वही होती. तीत प्रत्येकाच्या नावाचं एक पान होतं, आणि पानावर त्याच्या चुका. प्रमुख: चौदा, पैकी नऊ कबूल. दुर्बिणीवाला: एकवीस, कबूल शून्य, सबबी एकवीस. थोरली बहीण, म्हणजे ताई: मोजणं सोडून दिलं. भाऊजी: चुका करायला ताई वावच देत नसे, म्हणून पान जवळजवळ कोरं, पण ते कोरेपण त्यांच्या नावावर धरता येत नव्हतं. आणि शेवटी स्वतःचं पान. त्यावर नाव घातलेलं, रेघा मारलेल्या, आणि रेघांमध्ये काही नाही. हे काही बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, माणूस भिंगातून डोळा न काढता “हं?” म्हणतो त्यातच समोरच्याला कळतात. सतरा दिवसांनी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. प्रमुखांचं भाषण तयार होतं. परवाच येऊन त्यांनी विचारलं होतं, “बाई, चौतीस वर्षांत एकही चूक नाही असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल का?” त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “आकड्यात अतिशयोक्ती नसते.” आणि तो दिवसभर त्यांना भिंगातून सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसलं होतं.

काचांची खोली थंड होती आणि तिला जुन्या पुठ्ठ्याचा, लोखंडाचा आणि किंचित व्हिनेगरसारखा वास होता. लोखंडी कपाटांत आकाशाच्या फोटोंच्या अकरा हजार काचा, वहीच्या पानाएवढ्या, प्रत्येक आपापल्या कागदी पाकिटात उभी. या काचांवरचं आकाश उलटं असतं: आकाश पांढरं, तारे काळे, आणि शनीसारखा ग्रह म्हणजे मधोमध शाईची दौत लवंडल्यासारखा मोठा काळा डाग. नवीन माणसं पहिला आठवडा गोंधळतात. बाईंना आता रात्रीचं खरं आकाश पाहिलं की ते कोणीतरी चुकून उलटं धुतलंय असं वाटे. शिवाय शनीच्या काचा घ्यायची रीतही उफराटी होती. तासभर फोटो घ्यायचा आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांच्या मागे नाही, तर ग्रहाच्या मागे सरकवत ठेवायची. मग होतं असं की जागेवर उभ्या असलेल्या ताऱ्यांच्या बारीक रेघा उमटतात आणि जो ग्रहाबरोबर चालतो तोच तेवढा ठिपका राहतो. रेघांच्या त्या गर्दीत एखादा ठिपका दिसला की तो दोनच गोष्टींपैकी एक असू शकतो. चंद्र, नाहीतर धूळ. ओळखायची रीत इतकी सोपी की हसू यावं. एक मऊ केसांचा ब्रश असतो, चित्रकाराच्या सर्वांत बारीक ब्रशासारखा. तो ठिपक्यावरून हलकेच फिरवायचा. धूळ सरकते. चंद्र काचेवरच्या लेपाच्या आत असतो, तो सरकत नाही. चिकटून बसलेला कण असला, पहिल्या हाताने नुसता हलला आणि पुन्हा तिथेच बसला, तर काचेच्या मागच्या बाजूला शाईने बारीक फुली मारायची आणि पाकिटावर ‘धूळ’ लिहून वेळ घालून सही करायची, म्हणजे पुढच्या माणसाने त्याच्यामागे वेळ दवडायला नको. एकदा फुली पडली की त्या ठिपक्याकडे कोणी पाहत नसे. बाईंची फुली असली तर नाहीच नाही.

“ब्रश फिरवला होता का?” हे बाईंचं वाक्य. इमारतीतल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी खाल्लं होतं. बावीस वर्षांपूर्वी प्रमुख अजून प्रमुख झाले नव्हते, नुकतेच चिकटले होते, केस होते. तेव्हा त्यांनी एकदा धावत येऊन नवा चंद्र सापडल्याचं जाहीर केलं होतं. बाईंनी भिंगातून डोळाही काढला नव्हता. “ब्रश फिरवला होता का?” नव्हता. बाईंनी फिरवला. चंद्र उडाला तो प्रमुखांच्या बाहीवर जाऊन बसला. ही गोष्ट चहाच्या वेळी अजून सांगितली जाई आणि प्रमुख ती ऐकून हसत, पण हसण्याआधी त्यांना एक क्षण लागे; तो क्षण बाईंच्या वहीत होता.

अकराशे सत्तेचाळीस चौथ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर मिळाली. पाकीट पिवळं पडलं होतं, कडा तुटायला आल्या होत्या. त्यावर तारीख होती, दुर्बिणीचं माप होतं आणि खाली डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: धूळ. वेळ तीन चाळीस. आणि सही. अक्षर सुरेख होतं, सगळं एका उंचीचं. आपलं तरुणपणचं अक्षर पाहून माणसाला जरा कौतुक वाटतंच, तसं आधी बाईंना वाटलं, आणि मग त्यांनी ‘धूळ’ हा शब्द पुन्हा एकदा वाचला.

काच यंत्रावर ठेवून त्यांनी भिंगाला डोळा लावला. काळा डाग, रेघांची गर्दी, आणि खूप खूप लांब, शनीचं नावही ऐकू जाणार नाही इतक्या लांब, एक फिकट ठिपका. बरोबर प्रमुखांच्या आकड्यांवर. त्याच्या पाठीमागे काचेच्या पलीकडे धूसर निळी फुली. बाईंनी ब्रश उचलला. ब्रश टेकवायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास धरलाय, आणि कशासाठी धरलाय हेही लक्षात आलं: तो सरकावा म्हणून. चंद्राने धूळ व्हावं म्हणून. चौतीस वर्षांत त्यांनी ठिपक्यांकडून कधी काही मागितलं नव्हतं. ब्रश फिरला. ठिपका जागचा हलला नाही. त्या दुसऱ्या बाजूने आल्या, पुन्हा फिरवला, मग डोळा चोळून तिसऱ्यांदा. एवढा लांब राहणारा, फिका, बटाट्यासारखा वेडावाकडा, मोठ्या चंद्रांच्या उलट दिशेने फिरणारा जीव, पण हलायला तयार नाही.

आता खरी गंमत अशी की बाईंना काही करायचंच नव्हतं. काही न करता सगळं आपोआप होणार होतं. गेले दोन-अडीच महिने सगळ्या काचा नव्या यंत्रातून उतरवून घेण्याचं काम चाललं होतं, आणि यंत्राला शाई चालत नसे, म्हणून उतरवण्याआधी काचेमागची जुनी शाई स्पिरिटच्या कापसाने पुसायची, जुनं पाकीट टोपलीत टाकायचं आणि काच नव्या पांढऱ्या पाकिटात घालायची. नव्या पाकिटावर फक्त क्रमांक आणि तारीख. हे काम बाईंकडेच होतं. रोज वीस काचा. अकराशे सत्तेचाळीस आज नाहीतर उद्या त्यांच्या हाताखालून जाणारच होती. एक बोळा फिरवायचा, पाकीट टोपलीत, आणि प्रमुखांना सांगायचं, सापडला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चंद्राचंही काही बिघडत नव्हतं, त्याचं जुनं ठिकाण मिळालं की त्याची कक्षा पक्की, मग तो पुन्हा हरवायचा नाही. पुसली जाणार होती ती एक फुली, आणि तिच्यासाठी रडणारं या जगात कोणी नव्हतं.

बाईंनी कापूस घेतला, बाटली कलती केली. स्पिरिटचा गार वास नाकात शिरला आणि त्याच्या मागोमाग, हात धरून आल्यासारखी, दवाखान्याची खोली आली. उंच पलंगावर ताई. ताई म्हणजे तेव्हाही ताईच: आवाज मोठा, हाड मोठं, ती खोलीत आली की खुर्च्या आपोआप तिच्याकडे तोंड करून बसत. तिला सातव्या महिन्यात जुळ्या मुली झाल्या होत्या. एकेक मूठभर. आणि ताई, जिने उभ्या जन्मात कोणाची विनवणी केली नव्हती, ती म्हणाली होती, “बारके, पंधरा दिवस येशील?” बारकी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, दोन नोकरदार मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहत होती, आणि बघते म्हणाली होती. मग भाऊजी तिला न्यायला वेधशाळेत आले, हातातलं काम टाकून निघावं लागलं, पंधरा दिवसांचे महिने झाले, महिन्यांची एकतीस वर्षं झाली. ही गोष्ट बाई नेहमी अशीच सांगत, आणि ताईशी भांडण झालं की तिचा शेवट मोठ्याने सांगत: “मी काही हौसेने आले नव्हते. तुझा नवरा दारात येऊन उभा राहिला म्हणून आले!” त्यावर ताईकडे उत्तर नसे. घरातली ती एकमेव गोष्ट होती जिच्यापुढे ताई गप्प बसे, आणि बाईंनी ती जपून वापरली होती, वर्षाला दोनदा, फार तर तीनदा. भाऊजी दर वर्षी त्या तारखेला विचारत, “मग मेव्हणीबाई, पंधरा दिवस झाले का?” जुळ्या बोलायला लागल्यावर त्याही विचारू लागल्या. बाईंची घडीची कॉट अजून तीच होती. पंधरा दिवसांसाठी पलंग कोण घेतं? गेल्याच महिन्यात प्रमुखांनी त्यांना समजावून सांगितलं होतं की हे लांबचे वेडेवाकडे चंद्र ग्रहाच्या घरचे नसतात, कुठून तरी कुठेतरी निघालेले असतात आणि वाटेत ग्रहाच्या ओढीत सापडतात. “म्हणजे घरजावईच की,” बाई म्हणाल्या होत्या. प्रमुख फार हसले. पुढची उपमा त्यांच्या जिभेवर आलेली बाईंना दिसली, आणि त्यांनी भिंगाला डोळा लावून ती तिथेच परतवली. उपमा त्यांना आवडत नसत. उपमेला दशांशचिन्ह नसतं.

बोळा काचेपर्यंत गेला आणि थांबला. वेळ तीन चाळीस. तीन चाळीस कसे? भाऊजी आले साडेपाचला. हे नक्की, कारण ते घामाघूम होऊन आले होते आणि उशीर झाला म्हणून तीनदा माफी मागत होते. मग हातातलं काम टाकलं ते कोणासाठी? बाईंनी कापूस बशीत ठेवला आणि कपाटातून त्याच दिवसाची बाकीची पाकिटं काढली. अकराशे एक्केचाळीस, तीन वीस, धूळ. अकराशे बेचाळीस, तीन तेवीस, धूळ. पुढची तीन सत्तावीस. सात काचा, वीस मिनिटं. एका काचेला नीट पाहायचं तर अर्धा तास लागतो. बाईंनी उगाच आणखी एकदा बेरीज केली. त्यांनी ब्रश फिरवला नव्हता. एकाही काचेवर फिरवला नव्हता. ठिपका दिसला की फुली, ठिपका दिसला की फुली, पत्ते पिसावेत तसे. त्यांनी आता एकेक काच यंत्रावर ठेवून ब्रश फिरवला. सहा कण ब्रशाबरोबर हलले. सहा अंदाज बरोबर आले होते, म्हणूनच सातव्याचा संशय कधी आला नाही.

आणि मग ती दुपार, ब्रश लागलेल्या कणासारखी, जागची हलली. फाटकाजवळची ती सावली. काचा कपाटात लावून, रजा सांगून, साडेचारपासून एक तास बाई तिथे उभ्या होत्या. सूर्य सरकला तशी सावली सरकली आणि त्याही सावलीबरोबर सरकल्या. हातात पिशवी. पिशवी सकाळीच भरून आणलेली, दिवसभर टेबलाखाली पायाशी ठेवलेली. मधूनमधून पायाने चाचपून पाहिलेली. त्यात चार कपडे, साबणाची डबी, भिंग पुसायचं मऊ फडकं. आणि सगळ्यांत खाली, घडी करून, स्वेटर. भर उन्हाळ्यात. थंडी पडायला पाच महिने होते. बाईंना आता बोटांना त्या लोकरीचा खरखरीतपणा लागला, खोलीतल्या मैत्रिणी झोपलेल्या असताना आवाज न करता तो तळाशी दाबलेला, आणि दाबताना मनात कसलाही हिशेब नव्हता, म्हणजे निदान हिशेब आहे असं स्वतःला कळू दिलं नव्हतं. त्या मूठभर मुलींपैकी एकीने दवाखान्यात त्यांचं बोट धरलं होतं. एवढंच. न्यायला कोणी येण्याच्या आधीच त्या निघालेल्या होत्या. ओढ होती हे खरं, पण ओढीत सापडण्यासाठी त्यांनी बरीच धावपळ केली होती, आणि तेवढ्यासाठी सात काचांवर फुल्या मारल्या होत्या.

बाई हसल्या. थंड खोलीत एकटीच्या हसण्याचा आवाज जरा चमत्कारिक वाटला, म्हणून त्या थांबल्या, आणि मग पुन्हा हसल्या. फुली अजून तिथेच होती. ती पुसली तर चौतीस वर्षांचं पान कोरं राहणार होतं, भाषणातलं वाक्य राहणार होतं, दुर्बिणीवाल्याला चहाच्या वेळी सांगायला नवी गोष्ट मिळणार नव्हती. आणि त्या दुपारची घाईही पुसली जाणार होती. ती घाई दुसरीकडे कुठेच नोंदलेली नव्हती. ना कोणाच्या पत्रात, ना फोटोत, ना त्या स्वतः सांगत त्या गोष्टीत. आयुष्यात एकदाच आपण इतके उतावीळ झालो होतो, याचा एवढा एकच पुरावा, सही-वेळेसकट, निळ्या शाईत. बाईंना पुरावे टाकून द्यायची सवय नव्हती. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पेन उघडलं, आणि जुन्या पाकिटावर ‘धूळ’च्या खाली लिहिलं: धूळ नव्हे, चंद्र. ब्रश फिरवला. आजची तारीख, वेळ बारा दहा, सही. आताच्या अक्षराची उंची एकसारखी राहिली नव्हती.

प्रमुख दुसऱ्यांदा डोकावले ते तेवढ्यात. “सापडला का, बाई?”

“सापडला.”

“वा! मला वाटलंच होतं. मग आता—”

“एकतीस वर्षांपूर्वीच सापडला होता,” बाई म्हणाल्या. “मी त्याला धूळ ठरवलं.” आणि पाकीट पुढे केलं.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला, पाकीट नाकाजवळ नेलं, लांब नेलं. “हे तुमचं अक्षर आहे?”

“मग काय तुमचं? हे वाचता येतंय.”

प्रमुखांनी पाकीट पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश उगवू लागलं. बावीस वर्षं बाहीवर बसलेला कण आता कुठे झटकला जाणार होता. त्यांनी मागे वळून दार लावलं, तेवढी सभ्यता त्यांच्यात होती, आणि अगदी हळू, चव घेत विचारलं, “बाई, ब्रश फिरवला होता का?”

“नव्हता.”

“का?”

“घाई होती.”

“तुम्हाला? घाई?” प्रमुख खुर्चीत बसले. हसू त्यांना आवरेना, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “कसली घाई होती हो?”

“घरी जायचं होतं,” बाई म्हणाल्या, आणि आपल्या तोंडून निघालेला शब्द त्यांनीच ऐकला. तेव्हा ते घर त्यांचं नव्हतं. “भाषणातलं ते वाक्य तेवढं काढून टाका.”

“काढतो कशाला? ‘एकही नाही’च्या जागी ‘एकच’ घालतो.” प्रमुख उठले. “शून्यावर कोण विश्वास ठेवतं, बाई? एक म्हटलं की लोकांना मोजल्यासारखं वाटतं. आणि तुमच्याइतका जुना ठिपका दुसऱ्या कोणाकडेच नाही. पहिली नोंद म्हणून हीच काच जाणार, फुलीसकट. पुसू नका.”

“पुसणार नव्हतेच,” बाई म्हणाल्या. वहीत प्रमुखांच्या पानावर त्यांनी एक चूक खोडली, कुठली ते ठरवलं नाही. आणि आपल्या पानावर, पहिल्या रेघेवर, एक लिहिला. पान आता जरा राहतं वाटत होतं.

संध्याकाळी घरी ताई आपल्या खुर्चीत होती. गुडघ्यांमुळे ती आता फारशी हलत नसे. घरच तिच्याभोवती हले. टीव्हीचा रिमोट, औषधांचा डबा, फोन, भाऊजी, सगळं तिच्या हाताच्या अंतरात. जुळ्या दुसऱ्या गावांत होत्या, पण सातला एकीचा आणि साडेसातला दुसरीचा फोन येई, चुकत नसे. भाऊजी ओट्यापाशी उभे राहून मटार सोलत होते. बाईंनी चपला काढल्या आणि नेहमीसारख्या आत न जाता ताईसमोर स्टुलावर बसल्या.

“काय झालं?” ताई म्हणाली. “तोंड का असं? कोणाची चूक सापडली?”

“माझी.”

“अगंबाई,” ताईने टीव्हीचा आवाज बंद केला. हे फार क्वचित होत असे. “तुझी?”

बाईंनी सांगितलं. काच, फुली, सात पाकिटं, तीन चाळीस. चंद्राचं ताईला फारसं कळलं नाही, पण वेळेचं कळलं. “ताई, मी नेहमी म्हणते ना, भाऊजी आले म्हणून मी आले,” बाई म्हणाल्या. आता त्या भिंगातून पाहत नव्हत्या, तरी एक डोळा बारीक झाला होता. “ते खरं नाही. ते यायच्या आधी तासभर मी फाटकावर उभी होते. पिशवी सकाळीच भरली होती.” घरातलं आपलं एकमेव हत्यार त्यांनी असं मूठ पुढे करून देऊन टाकलं, आणि ताईच्या विजयाची वाट पाहत बसल्या.

ताईने गुडघ्यावरची शाल सारखी केली. “स्वेटर होता तळाशी,” ती म्हणाली.

“काय?”

“तपकिरी. एका बाहीला रफू केलेलं. दवाखान्यातून आले त्या दिवशी मुलींसाठी मऊ फडकं शोधत होते, तुझी पिशवी मीच उघडली. उन्हाळ्यात पंधरा दिवसांसाठी कोणी स्वेटर आणतं का गं, बारके?”

मटार सोलायचा आवाज थांबला होता. बाईंना त्यांची सगळी भांडणं एका ओळीत दिसली, वर्षाला दोन, फार तर तीन, आणि प्रत्येकाच्या शेवटी ओठ मिटून बसलेली ताई. “मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू तो घेऊन परत गेली असतीस,” ताई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला. “तुला पुढ्यात चूक धरलेली खपते होय? आता ती मोडकी कॉट काढ आणि नीट पलंग घे. रात्री कूस बदललीस की अख्ख्या घराला कळतं.”

मोजणं सोडून दिलेल्या ताईच्या पानावर काय लिहावं हे बाईंना सुचेना, आणि न सुचल्याचं वाईटही वाटेना. स्वयंपाकघराच्या दारात भाऊजी येऊन उभे राहिले होते, हातात मटारांचं भांडं, आज ती तारीख नव्हती तरी.

“मग मेव्हणीबाई,” ते म्हणाले, “पंधरा दिवस झाले का?”

बाईंनी उतरलेला खांदा जरा वर घेतला, स्टूल ताईच्या खुर्चीजवळ ओढलं आणि भांडं मांडीवर घेतलं. “थांबा,” त्या म्हणाल्या, “अजून मोजून व्हायचंय.”